लॉकरमधलं रुथेनियम

पीएचडी अर्ध्यावर आलेली असताना मला मुंबईत न हलणारी एक जागा हवी होती. खोली नको होती, कपाटही नको होतं. बोटाएवढी काचेची बाटली उभी राहील इतकीच जागा पुरे होती. फक्त तिथे काही आठवडे कशाचाही धक्का बसता कामा नये. भोईवाड्यात जन्मलेल्या आणि परळला नोकरीसारखी रोज प्रयोगशाळेत जाणाऱ्या मुलीने असली मागणी करावी, हे ऐकून माझ्या घरच्यांना हसू आलं होतं. मला त्या दिवसांत हसू येत नव्हतं.

आमचं काम कॅन्सरवरच्या धातूंचं. प्लॅटिनमपासून केलेलं औषध दवाखान्यांत कित्येक वर्षं वापरतात. ते काम करतं, पण पेशंटची मूत्रपिंडं, नसा, कान यांनाही सोडत नाही. म्हणून जगभर आमच्यासारखे लोक प्लॅटिनमच्या शेजारपाजारचे धातू घेऊन बसलेले असतात. त्यातला एखादा तरी तेच काम जरा सभ्यपणे करील, अशी आशा असते. माझ्या गाइड मॅडमनी रुथेनियम निवडलं होतं. धातूची आणि कार्बनची थेट गाठ मारायची, हे आमचं शास्त्र. मी बनवलेल्या रेणूचा आकार स्टुलासारखा होता. वर कार्बनचं सपाट कडं, ती बैठक. तिच्याखाली मधोमध रुथेनियमचा एक अणू. आणि त्या अणूला तीन पाय. रसायनशास्त्रात या जातीच्या रेणूंना खरोखरच स्टूल म्हणतात. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे या शब्दाने मला फार त्रास दिला.

बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी माझ्या स्टुलाने मरत होत्या. निदान मला तसं दिसत होतं. पण तुमचा रेणू स्टूलच आहे, टेबल किंवा पाट नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी त्याचा एक नीट वाढलेला स्फटिक लागतो. त्यावर क्ष-किरण टाकले की कुठला अणू कुठे बसलाय ते कळतं. स्फटिक वाढवायची माझी रीत अगदी साधी होती. पदार्थ पाण्यात विरघळवायचा, बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडायचं आणि पाणी हळूहळू उडून जाऊ द्यायचं. पाणी कमी होत गेलं की रेणू एकेक करून रांगेत बसतात. मात्र मध्येच धक्का बसला, तर सगळे घाबरून एकदम खाली येतात आणि तळाशी नुसता रवा साचतो.

माझ्याकडे रवा भरपूर जमला होता. आमच्या खिडकीपलीकडे, पूर्वी जिथे मिल होती तिथे, टॉवर उभा राहत होता. पायलिंगचं मशीन सकाळी सुरू व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत जमिनीत खांब ठोकत राहायचं. प्रत्येक ठोक्याला टेबलावरची पेनं थोडी पुढे सरकायची. मी बाटली स्पंजवर ठेवली. मग सायकलच्या ट्यूबवर ठेवली. मग वाळूने भरलेल्या बादलीत, आणि ती बादली गोधडीवर. मॅडम येऊन बघायच्या, म्हणायच्या, "छान आहे," आणि दुसऱ्या दिवशी रवा.

शेवटी मॅडमनी बांधकामावरच्या साइट इंजिनिअरला बोलावून घेतलं. तो सज्जन माणूस हेल्मेट हातात धरून आला. त्याने बाटलीकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, ही किती हलते?"

"डोळ्यांना दिसत नाही इतकी."

"दिसत नाही, तर मग प्रॉब्लेम काय आहे?"

"रेणूला कळतं," मॅडम म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मोठ्या लोकांचे हट्ट ऐकायची त्याला सवय असावी. "आमचा लंच एक ते दोन असतो. तेवढ्यात बसवता आलं तर बघा ना."

मॅडमनी त्याचे आभार मानले. तो गेल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली. मग मला म्हणाल्या, "एका तासात उडून जाईल असा कुठला सॉल्व्हंट आहे का ग?" तेव्हा मला कळलं, की आता बाटली इथून हलवलीच पाहिजे.

मी ती घरी आणली. चाळीतल्या आमच्या खोलीला पोटमाळा आहे. तिथे तांदळाच्या डब्याशेजारी तिला जागा केली. आई शिडीच्या खाली उभी राहून बघत होती.

"यात विष आहे का?"

"नाही ग. म्हणजे, पिऊ नकोस."

"मग माझ्या तांदळाशेजारी कशाला ठेवलंस?"

ते दिवस बाबासाहेबांच्या जयंतीच्या तयारीचे होते. संध्याकाळी चौकात मिरवणुकीच्या लेझीमचा सराव सुरू झाला आणि मला ते आठवलंच नव्हतं. मी स्वतः शाळेत असताना त्याच चौकात लेझीम खेळले होते, आणि आता पोटमाळ्यावर बाटलीभोवती हात धरून बसले होते. ढोल वाजला की पाण्यावर बारीक वर्तुळं उमटायची. सकाळी तळाशी रवा होता. आई म्हणाली, "बरं झालं, आता ने बाई ते."

मग गोष्ट आत्याकडे गेली. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही समोरच्या माणसाशी ट्रंककॉलवर बोलल्यासारखी मोठ्याने आणि सुटं सुटं बोलते. लग्न करून गिरगावात आली ती तिथेच राहिली. नवरा गेल्यावर एकटी राहते. तिचा एक गुण असा, की ती खोटं बोलत नाही. इथपर्यंत ठीक आहे. पण कुणी न विचारता खरं सांगत सुटते, हा त्रास आहे. त्या रविवारी बोंबील तळता तळता तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"माझा लॉकर आहे ना," ती म्हणाली.

"कसला लॉकर?"

"बँकेतला. तळघरात आहे. तिथे काही म्हणजे काही हलत नाही. मी दर महिन्याला जाऊन बसते."

आत्याच्या लॉकरात दोन बांगड्या, एक चांदीचा पेला आणि खोलीची कागदपत्रं होती. ती बघायला दर महिन्याला कुणी जात नाही. खोदून विचारल्यावर तिने सांगितलं, की ती तिथे शांततेसाठी जाते. थंडगार खोली, जाड दार, एक खुर्ची. लॉकर उघडायचा, पेला बाहेर काढायचा आणि बसायचं. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या हाका जोडून दिलेल्या बाईला तेवढी एक जागा मिळाली होती. ती आता मला द्यायला निघाली होती, आणि तेही बोंबील उलटता उलटता.

बँक छोटी, सहकारी, जुन्या इमारतीतली. लॉकरचं काम बघणारे अधिकारी पन्नाशीचे, नीट भांग पाडलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेले. आम्ही सही करून लॉकर उघडून मागितला. बाटली माझ्या पर्समध्ये, टिश्यूपेपरच्या घरट्यात होती. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

"आज पेला नाही बघायचा," आत्या त्यांना म्हणाली. "आज हिची वस्तू ठेवायचीय."

"काकू, तुम्ही आत काय ठेवता ते आम्ही विचारत नाही."

"विचारा ना."

"नाही, तसा नियम आहे. विचारायचंच नाही."

"कॅन्सरचं औषध आहे. पाण्यात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही सांगायला नको होतं हो. आता मला माहीत झालं."

मी मध्ये पडले. ज्वालाग्राही काही नाही, स्फोटक नाही, वास नाही, नुसतं पाणी आणि चिमूटभर पदार्थ, असं सगळं सांगितलं. त्यांनी नियमांचा छापील कागद काढून एका बोटाने वाचायला सुरुवात केली.

"नाशवंत वस्तू चालत नाहीत."

"नाशवंत नाही, सर. उलट ती आत तयार होणार आहे."

"तयार होणार म्हणजे?"

"वाढेल. हळूहळू."

त्यांनी कागदावरचं बोट उचललं. "मॅडम, लॉकरमध्ये ठेवलेली वस्तू कमी झाली, अशा तक्रारी मी ऐकल्यात. वाढली असं आजवर कुणी सांगितलेलं नाही."

शेवटी त्यांनीच तोड काढली. बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा स्टीलच्या डब्यात, दोन्ही झाकणं वाफ जायला किलकिली, आणि तो आत्याच्या बांगड्यांपासून लांब. त्यांनी आपली किल्ली फिरवली, आत्याने तिची फिरवली आणि दार लागलं. जिना चढून वर आलो तेव्हा पायलिंगच्या मशीनवर मात केल्यासारखं मला वाटत होतं.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. लॉकर उघडला तर दाराचा धक्का बसेल, म्हणून आत्याला आता आत जाऊन बसता येईना. तिची बसायची सवय काही सुटेना. ती बँकेत यायची आणि तळघराच्या जिन्याशी बाकावर बसायची. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "हळू जा हो, खाली कॅन्सरचं औषध तयार होतंय." दुसरा कुणी असता तर लोकांनी दुर्लक्ष केलं असतं. पण आत्याच्या आवाजाला खात्याची शिस्त होती. लोक हळू जायला लागले. मग एका बाईंनी आवाज नको म्हणून जिन्याशी चपला काढून ठेवल्या. त्यांचं बघून इतरांनीही काढल्या. काही दिवसांनी मी गेले, तर तळघराच्या तोंडाशी चपलांची रांग लागलेली आणि लॉकर उघडायला आलेली माणसं मोजे घातलेल्या पायांनी दबकत उतरताना दिसली. अधिकारीही त्यात होते. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

चपला काढल्या की पुढचं आपोआप होतं. कुणीतरी आत्याच्या लॉकरच्या कडीत झेंडूचं फूल खोवलं. आत्याने ते पाहिलं आणि मला फोन केला. तिचं बोलणं फोनशिवायही भोईवाड्यापर्यंत पोचलं असतं.

"फूल! बाटलीला फूल! बाबासाहेबांचं वाचून मोठे झालो आम्ही, आणि माझ्या लॉकरला फूल!"

दुसऱ्या दिवसापासून ती बाकावर बसून लोकांना समजावू लागली. आत बाटली आहे, देव नाही, रसायन आहे, हात जोडू नका. लोक तिचं म्हणणं मान हलवत नीट ऐकून घ्यायचे, आणि मग हात न जोडता, चपला काढून, खाली जायचे. एक आजोबा तिला म्हणाले, "पटलं तुमचं. पण जपून राहिलेलं काय वाईट?" आत्याने बाकावर सरकून त्यांना बसायला जागा दिली.

मग एका जुन्या खातेदाराने लेखी तक्रार केली. खाली कुठलातरी जहाल धातू ठेवलाय आणि त्याचा आमच्या सोन्यावर परिणाम होईल, अशी. तक्रार संचालक मंडळापुढे गेली आणि मंडळाने मला बोलावलं.

मी तोपर्यंत कुठल्याही परिषदेत बोलले नव्हते. माझं पहिलं निमंत्रित व्याख्यान गिरगावातल्या सहकारी बँकेच्या मीटिंगमध्ये झालं. समोर अध्यक्ष होते, त्यांचं फरसाणाचं दुकान होतं. त्यांच्या शेजारी एक सराफ संचालक आणि आणखी काही मंडळी. सगळ्यांपुढे बटाटेवड्याची बशी होती. मी मन लावून समजावलं. प्लॅटिनम काय करतं, रुथेनियम का घेतलं, स्टुलाची बैठक, तीन पाय. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एवढं बोलल्यावर निम्मे लोक मोबाइल बघत असतात. इथे वडा कुणी उचलला नाही.

"सोन्याला काही होणार नाही ना?" सराफांनी विचारलं.

"नाही. सोनं सहसा कुणाशी बोलतच नाही. फार मानी असतं."

"ते खरं," ते म्हणाले. हे उत्तर त्यांना आपल्या घराण्याबद्दल असल्यासारखं आवडलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे त्या लॉकरमध्ये तुम्ही स्टूल बनवताय."

"हो, पण खरं स्टूल नाही. रेणू. डोळ्यांना दिसणार नाही असा."

"आणि मग ते मावणार कसं?"

"अहो, दिसणारच नाही इतकं लहान असतं."

"मग ते तयार झालं हे तुम्हाला समजणार कसं?"

सबंध पीएचडीत मला विचारला गेलेला हा सगळ्यात योग्य प्रश्न होता. मी स्फटिकाबद्दल सांगितलं. शेजारी बसलेले कारकून भराभर लिहून घेत होते. मीटिंग संपल्यावर मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "सदर ग्राहकाच्या लॉकरमध्ये स्टूल तयार होत असून ते दिसणार नाही. सोन्यास धोका नाही. मेअखेरपर्यंत परवानगी देण्यात येत आहे."

बाहेर पडताना लॉकरचे अधिकारी माझ्याबरोबर जिना उतरले. मीटिंगमध्ये ते मागे उभे होते. जिन्याच्या वळणावर ते थांबले.

"ते तुम्ही प्लॅटिनमचं म्हणालात. ते खरंच प्लॅटिनम असतं? म्हणजे दागिन्यातलं?"

"धातू तोच. रूप वेगळं."

"आमच्या हिला परळला देतात. सलाईनमधून. त्याच्याआधी नुसतं पाणीच पाणी चढवतात, त्याच्यानंतर पुन्हा पाणी. आम्हाला वाटलं, औषधाचं नाव आहे नुसतं." ते जरा हसले. "लग्नात मी हिला अंगठी घातली ती अगदी हलकी होती हो. सोन्याचीच, पण हलकी. आणि आता सरळ शिरेतून प्लॅटिनम."

मी म्हणाले, "पाणी किडनीसाठी देतात. जपतात ते." त्यांनी मान हलवली आणि बुटांची लेस बांधायला खाली वाकले. लेस बांधलेलीच होती.

मेअखेरीला लॉकर उघडला. बँकेने वेळ ठरवून दिली होती. त्यामुळे तळघरात मॅडम, आत्या, अधिकारी आणि काही कारण नसताना सराफ संचालक असे सगळे अनवाणी उभे होतो. मी बाटली काढून उजेडात धरली. पाणी जवळजवळ संपलं होतं. तळाशी तांदळाच्या कणीएवढे पिवळे स्फटिक होते. सगळ्या कडा कापून काढल्यासारख्या सरळ, सगळी अंगं झळाळती. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला, की नंतर तिथे काळंनिळं झालं. सराफांनी खिशातून भिंग काढलं आणि बाटलीशी डोळा नेला.

"घडण सुरेख आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

"कुणाची नाही. आपोआप झालीय."

त्यांचा विश्वास बसला नसावा.

क्ष-किरणांचं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं. तिथे स्फटिक दिला, आणि मॅडम आणि मी स्क्रीनसमोर बसलो. अणू एकेक करून दिसू लागले. कार्बनचं कडं आलं, रुथेनियम आलं. मग दुसरं रुथेनियम आलं. माझ्या रेणूत दुसरं रुथेनियम नव्हतं. मग दुसरं कडं. हॉटेल बंद करताना खुर्च्या एकमेकींवर उलट्या ठेवतात, तशी दोन स्टुलं पायाला पाय लावून उभी होती, आणि दोघांत मिळून पाय तीनच. मी इतक्या कष्टाने लावलेले पाय गायब होते. त्यांच्या जागी पाण्यातून आलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन.

यंत्र चालवणारा मुलगा म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास डेटा आहे हां."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली.

हा रेणू नवा नव्हता. माझ्या जन्माआधीच तो कुणीतरी बनवून, मोजून, छापून ठेवला होता. या जातीचं कुठलंही स्टूल पाण्यात फार वेळ एकटं सोडलं की शेवटी तिथे जाऊन पोचतं, आणि एकदा पोचलं की कशानेच हलत नाही. आम्ही तो कॅन्सरच्या पेशींवर घातला. पेशी मजेत वाढल्या. काही बशांमध्ये तर नुसत्या पाण्यापेक्षा जास्त.

त्यातून एक उलगडा मात्र झाला. माझे पेशींवरचे प्रयोग कधी जमायचे, कधी फसायचे, आणि मी आपल्या हाताला दोष द्यायचे. ताज्या द्रावणात स्टूल असायचं आणि शिळ्यात ही उलटी जोडी. परळच्या त्या धडधडीमध्ये स्फटिकाच्या बाटलीतल्या रेणूला बिघडायलाही वेळ मिळत नव्हता, तो आधीच रवा होऊन बसायचा. आत्याच्या लॉकरने त्याला हवी तेवढी शांतता दिली, आणि त्याने आपल्या मनासारखं करून घेतलं.

हे बँकेला सांगणं भाग होतं. ते काम आत्याने माझ्यावर सोडलं नाही. बँक भरलेली असताना ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "औषध फसलं!" लोक माझ्याभोवती जमले. मुलगी दहावीला नापास झाल्यावर करतात तसं सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. "पुढच्या वेळी होईल." "पेपरच अवघड असतो." एका बाईंनी पिशवीतून चिकू काढून हातात दिला. चपला काढून जपणाऱ्या आजोबांनी विचारलं, "आम्ही कुणी जोरात पाय टाकला का?" मी त्यांना सांगितलं, की तुम्ही जरा जोरात टाकला असता तर बरं झालं असतं. त्यांना ते फार लागलं. मग मला दहा मिनिटं त्यांची समजूत घालावी लागली.

अध्यक्षांना वेगळीच काळजी होती. उद्या कुणी म्हणेल, या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेलं औषध बिघडतं. त्यांना आमच्या संस्थेच्या कागदावर तसं काही नसल्याचं पत्र हवं होतं. मॅडमनी ते लिहून दिलं. लॉकर अतिशय स्थिर, कोरडा आणि समाधानकारक होता, रेणूने केलेल्या बदलास लॉकर जबाबदार नाही, असं. अध्यक्षांनी वाचलं, 'समाधानकारक' खोडून 'उत्कृष्ट' करायला सांगितलं आणि मॅडमनी निमूटपणे केलं. मी त्यांना शोधपत्रिकेच्या कुठल्याही संपादकासमोर इतकं नमतं घेताना पाहिलेलं नाही.

पुढे मी स्टुलाचे दोन पाय एकाच रेणूचे केले. खेकडा नांगीने धरतो तसे ते धातूला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतील आणि पाण्याला सहज सुटणार नाहीत, अशा बेताने. तो पदार्थ पाण्यात बरेच दिवस टिकला. त्याचे स्फटिक आमच्याच टेबलावर आले, खिडकीपलीकडे मशीन ठोकत असताना, स्पंज नाही की वाळू नाही. मी ते मॅडमना दाखवले, तर त्यांनी सायकलची ट्यूब उचलून कपाटात टाकली. बशीतल्या पेशींवर तो बरा चालला. उंदरांवर फारसा नाही. औषध झालं नाही, प्रबंध झाला. आत्या पुन्हा दर महिन्याला तळघरात जाऊन पेला काढून बसू लागली. चपला मात्र लोक अजूनही काढतात म्हणते, आणि का काढतात ते नव्या लोकांना ठाऊक नाही.

पीएचडी झाल्यावर मी बँकेत पेढे द्यायला गेले. लॉकरचे अधिकारी म्हणाले, "घरी चला. हिला तुम्हाला भेटायचंय." घर चार गल्ल्या पलीकडे होतं. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. उपचार कधीच संपले होते. केस परत आले होते, अंगाने भरल्या होत्या. कानात ऐकण्याचं यंत्र होतं. ते औषध कानांवर बेतलं होतं, बाकी सुटल्या होत्या. त्यांनी मला बसवलं आणि आंबोळ्या घालायला घेतल्या. आंबोळ्या किती घालायच्या ते त्यांनी ठरवायचं आणि नवऱ्याने नुसतं बघायचं, असं त्या घरात ठरलेलं दिसलं.

"ह्यांनी सांगितलं मला सगळं तुमचं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता एक विचारते. माझ्या अंगात घातलं ते प्लॅटिनम, ते गेलं का सगळं?"

मी खरं सांगितलं. बरंचसं लगेच निघून जातं, पण अगदी थोडं शरीरात वर्षानुवर्षं राहतं. त्याने काही होत नाही.

"म्हणजे अजून आहे?"

"आहे. अगदी थोडं."

त्या नवऱ्याकडे वळल्या. हातात उलथनं होतं. "ऐकलंत? मी कधीपासून सांगतेय, माझं वजन खाण्याने वाढलेलं नाही. डॉक्टर उगीच आंबोळ्या बंद करा म्हणतात. धातू आहे तो!"

"अगं, ते थोडं म्हणजे..." त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, ते इतकं कमी असतं की कुठल्याच काट्यावर..." मी सुरुवात केली.

त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, डब्यात ठेवलं, आणि माझ्या ताटात आणखी एक आंबोळी वाढली.